हिरव्या पानाची सावड

८ नोव्हेंबर, शनिवार

आधी तब्येती. माझा डावा गुडघा बरा, उजवा रुसलेला. म्हैस वैरण नुसती हुंगून सोडत होती, आज पोटभर खाल्ली. परसातल्या लिंबावर पुन्हा मावा. उत्तरेश्वर – जेवतो, झोपतो, कामाला जातो. कप धरताना हात हलायचा, तो थांबलाय. सोनाली – फोनवर "बरी आहे" एवढंच. त्यातून काय ओळखायचं! शिवांजलीचा पुढचा दात पडलाय, "आज्जी" म्हणताना शिट्टी वाजते. आणि वहीबाई, तुम्ही? परवा तुमच्या पाठीवर तेल सांडलं, डाग धरलाय. रागावू नका.

आज गटाला गेले. पहिल्यांदाच. दारू सोडायला बसल्यापासून उत्तरेश्वर दर शनिवारी जातो – ग्रामपंचायतीच्या हॉलात गोल करून बसतात, एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. मधे कुणी बोलायचं नाही. आपल्या गावात असं होऊ शकतं, डोळ्यांनी बघितलं नसतं तर खरं मानलं नसतं! आज घरच्यांनाही बोलावलं होतं. बायको सोनाली मुरूमला माहेरी, म्हणून आईला नेलं.

गट चालवतात त्या शाहीन मॅडम. नळदुर्गहून येतात. वयानं पोरगी, पण कुणाला मान खाली घालायला लावत नाही. त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलात एक झाड लावून दिलं. रोज दिवेलागणीला उघडायचं. आजचा दिवस सांभाळला असेल तर हिरवं पान दाबायचं – झाडाला एक पान फुटतं. घसरलं असेल तर वाळलं पान दाबायचं – सगळी पानं गळतात, खुंट उरतो. काहीच दाबलं नाही तर झाड मान टाकतं. हे झाड गटातल्या सगळ्यांना दिसतं, शिवाय घरच्या एका माणसाला.

उत्तरेश्वरनं सोनालीचा नंबर घातला. घालताना बोट थांबलं. मग घातला.

मग मॅडमनी विचारलं, घरच्यांपैकी कुणाला काही सोडायचंय का. सगळ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात माझं लेकरू म्हणतं, "आईची मिसरी."

असा राग आला! दारू आणि मिसरी एका तागडीत? तंबाखू तव्यावर काळी करायची, चोळून डबीत भरायची, सकाळी बोटानं दाताला लावायची – ह्यात कुणाचं काय जातं? भाजताना गल्ली खोकते, तेवढंच. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी हो म्हणाले. मलाही एक झाड मिळालं. घरचं माणूस म्हणून मी पण सोनालीच घातली. दुसरं कोण आहे? म्हैस?

९ नोव्हेंबर

सोनाली दसऱ्याच्या आधी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. पोरीचे कपडे घडी घालून दोन पिशव्यांत भरले, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, हे 'सोडतो' म्हणतात ते मला पाठ झालंय आता." तिच्या मागं उत्तरेश्वर गटात गेला. आधी गेला असता तर? असो.

आज तिचा फोन. झाड दिसलं म्हणाली. मॅडमशी बोललीय. नेमानं पानं येत राहिली की शेवटी फुलं येतात म्हणे. मी म्हटलं, मग?

"फुलं येऊ द्या आत्या. मग बघू."

म्हणजे आता सगळं त्या झाडावर! सून झाडावर, नात झाडावर. उत्तरेश्वरला सांगितलं. तो मोबाइल हातात घेऊन ओसरीवर बराच वेळ बसला. पान एकच होतं. तान्ह्या पोराच्या दाताएवढं.

१० नोव्हेंबर

लावली. वाळलं पान दाबलं. खुंट.

११ नोव्हेंबर

खुंट.

१२ नोव्हेंबर

मिसरीऐवजी बडीशेप खाल्ली. मग बडीशेपेवर मिसरी लावली. खुंट.

एक मात्र सांगते. वाळलं पान दाबलं की मोबाइलातली बाई बोलते – "हरकत नाही. उद्या पुन्हा." इतक्या मायेनं मला आजवर कुणी बोललं नाही! माझ्या हातून दूध उतू गेलं तर सासू तीन पिढ्या काढायची. आणि ही, ना ओळख ना पाळख, रोज म्हणते हरकत नाही. तिचं तोंड बघायला मिळालं असतं तर भाकरी खाऊ घातली असती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गटात सगळ्यांची झाडं मोठ्या मोबाइलवर दाखवली. बाग म्हणतात तिला. सगळी हिरवी, मधे माझा खुंट – जत्रेत उघडं पोर उभं राहावं तसा!

बिराप्पाचं झाड मात्र मान टाकलेलं. बिराप्पा मेंढक्या. हातभट्टी सोडलीय, शब्दाचा पक्का. पण दिवसभर मेंढरं घेऊन डोंगराकडं, तिथं रेंज नाही, परत येतो तो जेवून आडवा. पान दाबायचं राहतं. बिचाऱ्यानं थेंब घेतला नाही आणि झाड मेल्यासारखं! त्याचं वाईट वाटलं. तर तो उलट माझ्याच खुंटाला हसला. म्हणाला, "मथुरावहिनी, तुमचं झाड बरंय, बोकड बांधायला होईल."

आणि हे झाड नेमकं कशाचं, यावरून अर्धा तास गेला. पान जांभळीचं, साल बाभळीची, उभं राहतं निलगिरीसारखं. बिराप्पा म्हणे ह्याला शेंगा लागतात का? मॅडम म्हणाल्या, फुलं लागतात. बिराप्पा म्हणे नुसती फुलं काय करायची, मेंढरू खाईल का ते सांगा.

घरी येताना मीच सुचवलं. बिराप्पा, मोबाइल माझ्याकडं ठेवून जात जा, तुझं पान मी दाबते. सावड धरू. रानात नाही का धरत? आज तुझं खुरपू, उद्या माझं. तसंच हे. बदल्यात तो म्हशीला डोंगरावरून ओला पाला आणणार.

म्हैस खूश. मी खूश. झाड खूश.

१९ नोव्हेंबर

आज मकबूलची गंमत झाली. उत्तरेश्वरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानाला लागूनच हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. गुटख्याची पुडी सोडतोय. दिवसभर टायर आणि ग्रीस. बोटं अशी काळी की काच बोट ओळखतच नाही. दाबून दाबून वैतागला आणि शेवटी नाकानं दाबलं.

नाक मोठं. दोन्ही पानांवर पडलं. वाळलं आधी दाबलं गेलं!

झाड उघडं पडलं तसे गटातल्या सगळ्यांचे फोन. धीर धर मकबूल, होतं असं, आम्ही आहोत. एक जण तर मोटारसायकल काढून आला, समजूत घालायला. मकबूल रडकुंडीला. "पुडी न्हाय खाल्ली वो, नाक घसरलं." कुणी मानेना. घसरलेला माणूस असंच म्हणतो म्हणे!

संध्याकाळी माझ्याकडं आला. "मावशी, बिराप्पाचं दाबता तसं माझं पण दाबा." आता एकाला हो म्हटलं, दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? जाता जाता मोबाइल द्यायचा, चहा प्यायचा, दाबून झालं की उचलायचा. ठरलं.

२३ नोव्हेंबर

आता दुरडीच केलीय. भाकरीची जुनी, खाली फडकं घातलं. दिवा लावला की पुढ्यात घेऊन बसते. गटातले आणखी चौघे आले. कुणाला चष्मा लागतो, कुणाचा मोबाइल लेकाकडं अडकतो, कुणाला नुसताच चहा आवडतो. उत्तरेश्वरही आला की आपला मोबाइल दुरडीत टाकतो आणि अंघोळीला जातो. ज्वारीला पाणी सुरू झालंय, लाइट कमीजास्त, मोटारी जळतात. जळलेल्या मोटारी भरून द्यायच्या, विहिरीवर जाऊन बसवून द्यायच्या. एवढा थकतो की वाटी समोर असून मीठ मागतो.

पहिल्यांदा मी प्रत्येकाला विचारायची. आज सांभाळलं का? "व्हय." दाबलं. सांभाळलं का? "व्हय मावशी." दाबलं. नंतर नंतर लाज वाटायला लागली. रोज रोज तेच काय विचारायचं? मोठी माणसं ती. सावडीत आपण आपली पात धरतो, दुसऱ्याच्या पातीत वाकून बघत नाही.

आता नुसतं दाबते. मोबाइलातली बाई एकामागं एक म्हणते – शाब्बास, शाब्बास, शाब्बास. शेवटी माझं. हरकत नाही. उद्या पुन्हा.

२४ नोव्हेंबर

डबी म्हशीच्या गोठ्यात, वर आढ्याला बांधून ठेवली. हात पोचू नये म्हणून.

स्टूल घेतलं. खुंट.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मॅडम हरखल्या आहेत! आपली बाग सगळ्या गटांत हिरवी. दुसऱ्या गावच्या गटांना त्यांनी दाखवली म्हणे – बघा, जळकोटकरांकडून शिका. बिराप्पानं मिशीवरून हात फिरवला. मीही पदर नीट केला. मग मॅडम म्हणाल्या, "मथुरामावशी तेवढ्या राहिल्या. पण रोज न चुकता उघडतात, हे मोठं आहे." सगळे हसले. मी पण.

कितीदा उघडते ते वहीबाई, तुम्हाला काय सांगू!

उत्तरेश्वरच्या झाडाला कळ्या धरल्यात. जांभळ्या. शिवांजलीनं फोनवर त्या मला एकेक करून दाखवल्या, जसं काही माझ्याकडं मोबाइल नाही. "आज्जी, ही फुगली. आज्जी, ही फुगणारे." मागं सोनालीचा आवाज आला, अभ्यास कर. आवाजात राग नव्हता. आनंदही नव्हता. नुसता आवाज.

६ डिसेंबर, शनिवार

येळवस जवळ आली. अमावास्या एकोणीसला. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही; सगळा गाव रानात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे. ज्याच्या बांधावरून जाल तो हाक मारून बसवणार आणि आंबिलीचा तांब्या हातात देणार. नाही म्हणायची सोय नाही.

तर गटात उत्तरेश्वरनं विचारलं, आंबील चालेल का?

खरंच की. ताक आणि ज्वारीचं पीठ, मडक्यात घालून आंबवायचं. आंबली की आंबील. हे दारूत मोडतं का? मॅडम स्वतः नळदुर्गच्या, लहानपणापासून पीत आलेल्या. त्याही विचारात पडल्या. मोबाइलात शोधलं, मोबाइलाला आंबील माहीत नाही. धाराशिवला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणे, घरी विचारून सांगतो!

बिराप्पा म्हणाला, "आंबील सोडायची असंल तर म्या गटच सोडतो."

शेवटी तोड निघाली. आदल्या संध्याकाळी घातलेली चालेल. चार दिवस मुरवलेली नको. हात वर करून मंजूर झालं. बाया म्हणाल्या, एवढी चर्चा ग्रामसभेत झाली असती तर गटार झालं असतं.

येताना उत्तरेश्वर म्हणाला, "आई, ह्या येळवशीला सोनी असंल का गं?" किती दिवसांनी तिचं नाव घेतलं त्यानं. म्हटलं, कळ्या फुगल्यात बघ.

९ डिसेंबर

मिसरी दुपारपर्यंत लावली नाही! दुपारपर्यंत. मग मकबूलच्या दुकानात स्फोट झाला – ट्रकचं टायर. दचकून लावली. खुंट. पण हा खुंट टायरच्या नावावर.

११ डिसेंबर, गुरुवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल. तशीही माझी अक्षरं एसटीच्या पाट्या वाचून शिकलेली, धावती.

उत्तरेश्वर आज एकाच्या विहिरीवर मोटार बसवायला गेला होता. आठवडाभर बंद पडलेली. चालू झाली, पाणी आलं, वाळायला लागलेली ज्वारी भिजली. मालकाला आनंद झाला. त्यानं बाटली काढली.

दिवेलागणीला आला. मोबाइल दुरडीत टाकला. रोजच्यासारखा अंघोळीला गेला नाही, ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. वास आलाच मला. तरी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असेल, अंगाला लागला असेल. आईचं नाक.

"आई, आज झालं."

एवढंच. जेवला नाही. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

मी दुरडी घेऊन बसले. बिराप्पाचं दाबलं. मकबूलचं दाबलं. बाकीच्यांची दाबली. मग त्याचा मोबाइल घेतला. झाडावर कळ्या अशा टपोऱ्या, एकाच पानाची कसर. एका पानावर सून येणार, नात येणार. वाळलं दाबलं तर पुन्हा तान्ह्या दातापासून.

मोटार चालू केली म्हणूनच ना पाजली? चोरी केली का त्यानं? आणि लगेच सांगितलं की! सांगितलं म्हणजे निम्मं सांभाळलं. असं मी माझ्याशी भांडत होते. बोट आधीच हिरव्यावर गेलं होतं.

सगळं झाड फुललं. जांभळं. मोबाइलातली बाई टाळ्या वाजवायला लागली. मी पदर टाकला मोबाइलवर, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

मग माझं दाबलं. वाळलं. आज तर दोनदा लावली होती.

लगेच फोन आला. शिवांजली किंचाळत होती – "आज्जी, पप्पाच्या झाडाला फुलं!" मग सोनाली आली. मी म्हटलं, बघितलं ना पोरी? ये आता. येळवशीला ये.

ती म्हणाली, "बघते आत्या."

येणार! बघते म्हणजे येणारच.

१२ डिसेंबर

सकाळी मकबूलनं उत्तरेश्वरच्या दुकानाला झेंडूचा हार घातला. दोघातिघांनी मिठी मारली. त्याला कळेना काय चाललंय. मग मोबाइल उघडला.

दुपारी जेवायला आला. भाकरी मोडली नाही. "आई, काल म्या प्यालो. तुला सांगितलं."

म्हटलं, व्हय.

"मग ही फुलं कुणाची?"

म्हटलं, सोनाली येतीय रे.

ताट सारून गेला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं होतं, मीही ओरडले असते. उरलेली भाकरी म्हशीला घातली. तीही माझ्याकडं तशीच बघत होती.

१३ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

गटात मॅडमनी पेढे आणले होते. पहिलं फुललेलं झाड ना! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वर उभा राहिला. पेढा हातात घेतला, बाजूला ठेवला.

"परवा म्या प्यालो. ही फुलं माझी न्हाईत."

आणि सगळ्यांसमोर वाळलं पान दाबलं. फुलं गळली, पानं गळली. मोबाइलातल्या बाईचा आवाज दारापर्यंत गेला – "हरकत नाही. उद्या पुन्हा."

फुलं कुणी आणली ते त्यानं सांगितलं नाही. आईचं नाव घेतलं नाही. तिथं माझा जीव वितळला. गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हटलं, पान मी दाबलं. त्याचंच नाही, सगळ्यांचंच मी दाबते. दुरडी आहे घरी.

मॅडमच्या हातातला पेढ्याचा डबा तसाच. मला वाटलं आता मला गटातून काढून टाकणार. पण बिराप्पा खाकरला. म्हणाला, सोमवारी पाहुण्याकडं जावळ होतं, एकच वाटी घेतली, वहिनीनं विचारलं न्हाय, म्या सांगितलं न्हाय.

"मॅडम, एका वाटीला निम्मंच झाड वाळवता येतं का?"

नाही येत म्हणे. मग त्यानं सगळं वाळवलं. बोट लावताना डोळे मिटले होते, शेळी कापताना मिटावेत तसे. हरकत नाही, उद्या पुन्हा. मग मकबूल. त्याची पुडी एकच झाली होती, टायर फुटला त्या दिवशी. (तो स्फोट आम्हा दोघांना नडला!) त्यानं बोटं रुमालाला पुसली, थुंकी लावून पुसली, शेवटी जमलं. हरकत नाही. मग आणखी एक. मग आणखी. हॉलात नुसतं हरकत नाही, हरकत नाही, उद्या पुन्हा, उद्या पुन्हा – देवळात टाळ धरावा तसा नाद! दोघांची झाडं तेवढी हिरवी राहिली, ती खरोखर हिरवी होती. तेच दोघे सगळ्यात ओशाळून बसले होते.

मॅडमनी डोळे पुसले. रडत होत्या की हसत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, सगळ्यांचं हिरवं दाबलंत. स्वतःचं मात्र रोज वाळलं. का?"

हे काय विचारणं! म्हटलं, लावली होती म्हणून.

सगळे हसले. उत्तरेश्वरसुद्धा. पेढे वाटले शेवटी. आणलेले परत कोण नेणार?

आज माझं काहीच दाबलं नाही. मोबाइलला हात लावायची हिंमत नाही.

१४ डिसेंबर

सोनालीचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. तिला झाड दिसलं असणार. पोरीलाही.

उत्तरेश्वरवर रागावले आज. म्हटलं, खरं बोलायचं होतं तर येळवस झाल्यावर बोलला असतास! आठ दिवसांनी खरं बोललं तर काय खोटं होतं? त्यानं गोठ्यात जाऊन स्टुलावर चढून आढ्याची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "घे आई. उगं चढू नको, पडशील."

त्याच्यावर रागावणं फार अवघड आहे.

१५ डिसेंबर

दुरडी धुऊन उन्हात टाकली. संध्याकाळी तिघे सवयीनं आले. चहा दिला, मोबाइल परत दिले. दारातच उभे राहून आपापलं दाबत होते, एकमेकांकडं पाठ करून.

१६ डिसेंबर

फोन नाही. उत्तरेश्वरच्या झाडाला तान्हे दात आलेत.

१७ डिसेंबर

भज्जीसाठी शेंगा, हरभऱ्याचा पाला, वाटाणा – सगळं आणायचंय, कुणासाठी ते कळत नाही. दोन माणसांची भज्जी होत नसते. आंबिलीला लहान मडकं काढून ठेवलं. मोठं आत फळीवरच राहू दिलं.

१८ डिसेंबर

माझ्या खुंटाखाली दोन ओळी लिहायची जागा असते, मला माहीतच नव्हतं. सोनालीनं तिथं लिहिलंय. आतापर्यंत तीनदा वाचलं. विसरू नये म्हणून इथं उतरवते.

"आत्या, गुडघा कसा आहे? म्हैस खाती का? आम्ही दोघी बऱ्या आहोत. मला आधीपासून ठाऊक होतं. ह्यांचं हिरवं आलं की मागोमाग तुमचं वाळलं यायचं, रोज, एका बोटानं दाबल्यासारखं. म्हणून फुलं बघून मी हललेच नाही. शनिवारी मात्र ह्यांचं वाळलं आलं आणि तुमचं काहीच आलं नाही. तवा कळलं, हे बोट ह्यांचं. तुमचा एक खुंट खरा होता, आता घरात दोन झाले. उद्या सकाळच्या गाडीनं येतो. पिशवी एकच आणतीय, दुसरीचं नंतर बघू. आंबील मोठ्या मडक्यात घाला. शेंगा मुरूमहून आणू का तिथं मिळतील, लगेच लिहा, बाजार उठायच्या आत."